राखणदार

गिल्गमेशचे महाकाव्य वर्गात शिकवताना पाचव्या मृत्पट्टिकेपाशी आलो की आमचा आवाज नकळत चढत असे. ऊरुकचा राजा गिल्गमेश आणि त्याचा सखा एन्किडू गंधसरूंच्या रानाच्या कडेला येऊन उभे राहतात, झाडांची उंची न्याहाळत क्षणभर थबकतात आणि मग त्या रानाचा रक्षक हुंबाबा याला ठार करून रानावर कुऱ्हाड चालवतात. मैत्री, कीर्तीची तहान, मृत्यूचे भय असे तीन शब्द फळ्यावर लिहायचे, हुंबाबा हे मृत्यूचे प्रतीक आहे असे सांगायचे आणि पुढच्या पट्टिकेकडे वळायचे, हा आमचा बरीच वर्षे चाललेला परिपाठ होता. आम्ही दोघेही साहित्य शिकवतो, त्यामुळे हा परिपाठ दोन वर्गांतून एकाच वेळी चाले.

एके वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘पण त्याला तर एन्लिल देवानेच रान राखायला नेमलं होतं ना? मग तो आपलं काम करत होता. त्यात त्याचं काय चुकलं?’’ आम्ही काहीतरी उत्तर दिले. महाकाव्यात नायकाला अडवणारा तो प्रतिनायक, अशा अर्थाचे ते असावे. तास संपला. प्रश्न मात्र संपला नाही, हे आमच्या लक्षात यायला मधे काही वर्षे जावी लागली आणि लेबनॉनच्या डोंगरात एका म्हाताऱ्या माणसाची बोलणी खावी लागली.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही बैरुतहून उत्तरेकडे निघालो तेव्हा मनात दोन ठिकाणे होती. पहिले ब्शर्री हे गाव. खलील जिब्रानचा जन्म तिथे १८८३ साली झाला आणि १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये निधन झाल्यावर त्याचा देह तिथेच आणला गेला. वि. स. खांडेकरांनी जिब्रानला मराठीत आणल्यापासून आपल्याकडच्या वाचकाला तो परका राहिलेला नाही, त्यामुळे त्या गावी जाणे हे आम्हाला एखाद्या आप्ताच्या घरी जाण्यासारखेच वाटत होते. दुसरे ठिकाण गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर असलेले गंधसरूंचे रान. स्थानिक अरबी भाषेत त्याला ‘अर्ज अर-रब’, म्हणजे प्रभूचे गंधसरू, म्हणतात. भूमध्य समुद्राचा किनारा सोडून रस्ता कूरा भागातल्या ऑलिव्हच्या बागांतून चढू लागतो. मग कादिशाची दरी लागते. ‘कादिशा’ या सीरियाक शब्दाचा अर्थ पवित्र असा आहे. दरीच्या उभ्या कड्यांत कोरलेल्या मठांमध्ये मॅरोनाइट ख्रिस्ती साधूंनी शतकानुशतके आश्रय घेतला. ही दरी आणि वरचे रान यांना मिळून १९९८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. दरीच्या माथ्यावर सफरचंदांच्या बागा फुलल्या होत्या आणि मागे मक्मेलच्या डोंगरावर बर्फाचे पट्टे अजून टिकून होते.

शेवटच्या वळणावर चालकाने गाडी थांबवून बोट दाखवले. एका विशाल, उघड्याबोडक्या, करड्या डोंगराच्या खळग्यात काळपट हिरवा ठिपका होता. कोणीतरी गोधडीला एकच ठिगळ लावावे तसा. आम्ही विचारले, ‘‘आणि रान?’’ तो म्हणाला, ‘‘हेच.’’

आमची निराशा झाली, हे कबूल करायला हवे. आमच्या मनातल्या रानाला अंत नव्हता. ज्या रानाची भीती ऊरुकच्या वृद्धांना वाटत होती, ज्याच्या लाकडावर सॉलोमनचे देवालय उभे राहिले, ते रान एका दृष्टिक्षेपात मावेल अशी कल्पना आम्ही केलीच नव्हती. ग्रंथांतून एखाद्या स्थळी पोचणाऱ्या माणसाला हा दंड बहुधा भरावाच लागतो.

आत शिरण्यापूर्वी शब्दाविषयी थोडे सांगायला हवे. इंग्रजीत ज्याला सीडर म्हणतात त्याला मराठी बायबलच्या अनुवादकांनी ‘गंधसरू’ असा शब्द योजला. लबानोनातले गंधसरू हे शब्द ज्यांनी स्तोत्रांतून वाचले आहेत त्यांना हे झाड न पाहताही त्याचा वास येतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर लेबनॉनचा गंधसरू आणि हिमालयातला आपला देवदार हे एकाच प्रजातीतले, सख्ख्या भावंडांसारखे. ‘देवदारु’ म्हणजे देवांचे लाकूड. तिकडे प्रभूचे गंधसरू, इकडे देवांचे लाकूड. शिवाय सह्याद्रीत आणि कोकणात देवाच्या नावाने राखलेल्या रानाला आपण ‘देवराई’ म्हणतोच. तेव्हा ब्शर्रीच्या वरचे ते रान म्हणजे एक देवराई आहे, असे म्हटले की मराठी माणसाला निराळे स्पष्टीकरण लागू नये. आम्हाला मात्र हे सुचायला पुढचा प्रसंग घडावा लागला.

रानाची वाट दगडी भिंतीतून आत जाते. आत पायवाट आखलेली आहे, दोन्ही बाजूंना दोर आणि कुंपण. वाट सोडू नये अशी सूचना. कोवळी झाडे निमुळत्या शंकूसारखी उभी असतात आणि वय वाढते तसा गंधसरूचा शेंडा सपाट होत जातो, फांद्या आडव्या पसरतात, एकावर एक मांडलेल्या हिरव्या चटयांसारख्या. जुन्या झाडांची संख्या पावणेचारशेच्या आसपास सांगितली जाते. त्यांतली काही पस्तीस मीटरपर्यंत उंच आहेत आणि त्यांचा घेर बारा-चौदा मीटर भरतो. काही झाडे हजारांहून अधिक वर्षांची असल्याचे मानतात. मधोमध मॅरोनाइट पंथीयांचे छोटेसे प्रार्थनामंदिर आहे. वाळून गेलेल्या एका प्रचंड खोडावर ब्शर्रीच्याच एका शिल्पकाराने आकृती कोरल्या आहेत. एक झाड फ्रेंच कवी लामार्तिन याच्या नावाने ओळखले जाते. आणि अनेक सालींवर नावे आहेत, शेकडो नावे, वेगवेगळ्या लिप्यांत. हे रान पाहायला दूरदूरहून आलेल्या, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या लोकांनी चाकूने कोरलेली.

युरोपीय प्रवाशांना आणखी एक छंद होता, मोजण्याचा. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर बेलों इथे आला, त्याने अठ्ठावीस झाडे मोजली. त्याच शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात आलेल्या जर्मन वैद्य राउवोल्फने चोवीस. १६९७ साली इंग्रज धर्मोपदेशक मॉन्ड्रेलला सोळा आढळली. हे आकडे एकाखाली एक वाचत गेले की वाटते, रान डोळ्यांदेखत विरघळत चालले आहे. पण १८१० मध्ये आलेल्या बुर्कहार्टची नोंद वाचली तेव्हा आम्ही थबकलो. सर्वांत जुनी आणि देखणी झाडे अकरा-बारा, असे तो लिहितो. पण त्यापुढे जाऊन पंचवीस बरीच मोठी, पन्नासेक मध्यम आणि तीनशेहून अधिक लहान व कोवळी झाडे होती, अशीही नोंद करतो. म्हणजे झाडे होती. आधीच्यांना ती मोजण्याजोगी वाटली नव्हती. ते महावृक्ष पाहायला आले होते, रोपे पाहायला नव्हे. आम्हा साहित्याच्या माणसांनाही ही खोड ओळखीची आहे. एखाद्या कालखंडाचा इतिहास लिहिताना आपणही अकरा-बाराच नावे मोजतो.

आता तो प्रसंग. गंधसरूचे फळ फांदीवर उभे असते, पिंपासारख्या आकाराचे, आणि पक्व झाल्यावर झाडावरच सुटे होऊन विखुरते. टोकाचा भाग मात्र कधीकधी अख्खा गळून पडतो. तो हुबेहूब लाकडात कोरलेल्या गुलाबासारखा दिसतो. वाटेपासून हातभर अंतरावर, दोरापलीकडे, असा एक गुलाब पडलेला होता. आमच्यापैकी एकाने दोरावरून वाकून, एक पाय पलीकडे टाकून तो उचलला. वर्गात दाखवायला बरा, असा विचार होता. पुरता सरळही झालो नव्हतो तोच मागून हाक आली. सत्तरीच्या घरातला एक रापलेला गृहस्थ झपझप चालत येत होता. त्याने अरबीत बरेच काही ऐकवले. आमचा चालक त्याला ‘अम्मो’, म्हणजे काका, म्हणून शांत करू पाहत होता, पण काका शांत होणाऱ्यांतले नव्हते. शेवटी चालकाने सारांश सांगितला : ‘‘काका म्हणतात, जिथून उचललंत तिथे ठेवा.’’

आम्ही म्हणालो, हा तर गळून पडलेला आहे, यात बीही उरलेले नाही. चालकाने ते सांगितले. काकांनी उत्तर दिले ते चालकालाही सांगताना थोडे संकोचल्यासारखे झाले. ‘‘ते म्हणतात, बी गुलाबात नसतं हे त्यांना ठाऊक आहे. तुमचा पाय जिथे पडला तिथे होतं.’’

आम्ही खाली पाहिले. दोराच्या पलीकडे, वाळलेल्या सुयांच्या थरातून, काडेपेटीतल्या काडीहून मोठी नसलेली रोपे उगवलेली होती. बर्फ वितळल्यावर ओलाव्यात रुजलेली. एका रोपाच्या शेंड्यावर अजून बियाचे टरफल टोपीसारखे अडकलेले होते. पाय त्यावर पडला नव्हता, बोटभर बाजूला पडला होता. आम्ही गुलाब ठेवला. त्या क्षणी एका गोष्टीची आठवण होऊन आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोकणातल्या देवरायांतून फिरताना हेच वाक्य आम्ही ऐकले होते : इथली वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, राखणदाराला चालत नाही. तिथे राखणदार दिसत नाही. इथे तो समोर उभा होता, धापा टाकत होता आणि त्याच्या खिशातून सिगरेटचे पाकीट डोकावत होते.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिथे परत आला.

गिल्गमेशच्या पाचव्या पट्टिकेचा बराच भाग दीर्घकाळ खंडित होता. २०११ साली इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानिया इथल्या संग्रहालयाने विकत घेतलेल्या मृत्पट्टिकांमध्ये या पट्टिकेचा एक तुकडा निघाला आणि फारूक अल-रावी व अँड्र्यू जॉर्ज यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यातून सुमारे वीस नव्या ओळी हाती आल्या. आधीच्या संहितेत शांत, स्तब्ध वाटणारे रान या ओळींत आवाजांनी भरून गेले आहे : पक्ष्यांची साद-प्रतिसाद, रातकिड्यांचा कल्लोळ, माकडांचा चीत्कार, आणि हे सारे जणू राजदरबारातले वादन-गायन असावे तसे रोज हुंबाबासमोर चालते. म्हणजे हुंबाबा हा गुहेतला राक्षस उरत नाही. तो त्या रानाचा राजा ठरतो. एन्किडूची आणि त्याची लहानपणापासूनची ओळख आहे असेही दिसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रान तोडून झाल्यावर एन्किडू मित्राला सांगतो की आपण या रानाचे उजाड माळ करून टाकले आहे, आता एन्लिलला काय उत्तर द्यायचे? कुऱ्हाड अजून हातात असतानाचा हा पश्चात्ताप आहे. सर्वांत उंच गंधसरूचा त्यांनी एन्लिलच्या देवळासाठी दरवाजा केला आणि युफ्रेटिसमधून वाहत नेला. पुढे मृत्युशय्येवरचा एन्किडू त्याच दरवाजाला शाप देतो. हा शाप आम्ही वर्षानुवर्षे ज्वरातल्या बडबडीसारखा वाचून दाखवत होतो. त्या झाडांखाली उभे राहिल्यावर तो तसा वाटेना. आपण कोणाला मारले हे त्याला कळले होते. महाकाव्य राखणदाराच्या बाजूनेही बोलत होते. आम्ही नायकाच्या मागे धावत असल्यामुळे ते आम्हाला ऐकू आले नव्हते.

राखणदाराच्या या गोष्टीला आपल्याकडे एक जोडकथा आहे आणि तीही गंधसरूच्याच भावंडाची. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात वसिष्ठांची नंदिनी धेनू चरत चरत हिमालयातल्या गुहेत शिरते, सिंह तिला धरतो. दिलीप राजा बाणाला हात घालतो आणि हात तिथेच खिळतो. मग सिंह मनुष्यवाणीने सांगतो की तो शिवाचा सेवक कुंभोदर आहे. समोर दिसणारा देवदार शिवाने पुत्र मानला आहे, पार्वतीने त्याला पाणी घालून वाढवले आहे. एकदा एका रानहत्तीने गंडस्थळ घासून त्याची साल सोलली, तेव्हा आपला कार्तिकेयच जखमी झाल्यासारखा पार्वतीला शोक झाला. तेव्हापासून सिंहाची नेमणूक. दोन कथा एकमेकींपासून किती दूरच्या! पण दोन्हींत एकच रचना आहे : एक झाड, त्यावर जीव असलेली देवता, तिने नेमलेला राखणदार आणि समोर आलेला राजा. गिल्गमेश राखणदाराला मारतो. दिलीपाचा हात खिळतो, मग तो वाद घालतो आणि शेवटी गायीच्या बदल्यात स्वतःचा देह पुढे करतो. कालिदासाचा सिंह मायावी निघतो, हे खरे. पण झाडाची साल सोलली जाणे हा एवढा मोठा शोक असू शकतो हे त्याच्या तोंडून वदवायला कवीला संकोच वाटलेला नाही. नावांनी भरलेल्या त्या सालींकडे पाहताना हा संदर्भ आम्हाला सुखावणारा नव्हता.

काव्यात राखणदार राहिला, प्रत्यक्षात मात्र फार काळ नव्हता. इजिप्तच्या स्नेफ्रू राजाने चाळीस जहाजे भरून लाकूड आणल्याची नोंद आहे. खुफूच्या पिरॅमिडशेजारी १९५४ साली सापडलेली त्रेचाळीस मीटर लांबीची नौका लेबनॉनच्या गंधसरूची आहे. अकराव्या शतकाच्या आसपास, अर्थात इसवी सनापूर्वीच्या, वेनामुन नावाचा पुरोहित अमोन देवाच्या नावेसाठी लाकूड मागायला बिब्लोसला येतो आणि तिथला राजा त्याला रोखठोक विचारतो की मोल आणले आहेस का. ती कथा आजही वाचताना बाजारातल्या घासाघिशीसारखी ताजी वाटते. सॉलोमनने तीस हजार माणसांची वेठ लावली, दहा हजारांच्या पाळ्या करून, असे बायबल सांगते. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने आपण डोंगर फोडून गंधसरूंसाठी रस्ता केला ही प्रौढी लेबनॉनच्याच खडकांवर कोरून ठेवली आहे. आणि यशयाच्या ग्रंथात बाबिलोनच्या राजाच्या पतनावर लबानोनाचे गंधसरू हर्ष करतात, कारण तो आडवा झाल्यापासून त्यांच्यावर कुऱ्हाड घेऊन कोणी आलेले नाही. इतक्या जुन्या वाङ्मयात झाडांना बोलायला मिळते तेव्हा ती एवढेच बोलतात.

राखणदार परत आला तो सम्राटांच्या वेषात. दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनने उत्तर लेबनॉनच्या डोंगरांत खडकांवर सीमालेख कोरवले. असे दोनशेच्या आसपास लेख नोंदले गेले आहेत. लॅटिन आद्याक्षरांत ते सांगतात की चार जातींची झाडे सम्राटाची, बाकीची खाजगी. हे राखीव जंगल होते. राखले ते लाकडासाठी, सम्राटाच्या वापरासाठी. आणि आपण ज्या भिंतीतून आत आलो ती भिंत १८७६ साली बांधली गेली. तिचा खर्च इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने दिला. कोवळी रोपे शेळ्या खाऊन टाकत, म्हणून ती भिंत. बुर्कहार्टने मोजलेली रोपे मोठी व्हायची असतील तर शेळी बाहेर राहायला हवी होती, हे उघड आहे. भिंत नसती तर पुढची पिढीच उरली नसती.

पण तारखेकडे पाहून मराठी वाचक चपापतो. याच राणीच्या राज्यात, भिंतीनंतर दोनच वर्षांनी, १८७८ चा भारतीय वन कायदा झाला आणि ‘राखीव जंगल’ हा शब्द आपल्या डोंगरांवर येऊन बसला. त्याआधी हिमालयातले देवदार, म्हणजे याच झाडाची भावंडे, रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर करण्यासाठी बेसुमार तोडले गेले होते. कायदा झाला तो उरलेले लाकूड सरकारच्या हाती राहावे म्हणून. आणि त्यानंतर काही वर्षांतच जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या जंगलखात्यावरचा संताप आहे. गरीब शेतकऱ्याच्या गुरा-शेळ्यांना चरायला जागा उरली नाही हे त्यांचे गाऱ्हाणे आहे. एकाच दशकात एकाच राणीच्या नावाने एके ठिकाणी रोपे वाचली, दुसरीकडे शेतकऱ्याची शेळी उपाशी राहिली. मग ब्शर्रीच्या शेळीचे काय झाले असेल?

आम्ही हे काकांना विचारले. तोवर त्यांचा राग उतरला होता आणि आम्ही तिघे-चौघे भिंतीलगतच्या दगडावर टेकलो होतो. चालकाच्या मध्यस्थीने त्यांनी सांगितले की त्यांच्या आजोबांकडे शेळ्याच होत्या. भिंत आजोबांच्याही आधीची. पण घरात तिचा उल्लेख होई तो शिवी दिल्यासारखा. बर्फ वितळल्यावर पहिले हिरवे गवत आत उगवे आणि आजोबा बाहेर उभे राहत. ‘‘मग तुम्ही आत कसे आलात?’’ आम्ही विचारले. काका हसले. शेळ्या विकाव्या लागल्या, सफरचंदे आली, मुलगे परदेशी गेले. १९८५ साली गावातल्याच मंडळींनी या रानासाठी समिती स्थापली, पुढे रोपे लावायला माणसे लागली. ‘‘आजोबांचा राग भिंतीवर होता,’’ ते म्हणाले, ‘‘झाडांवर नव्हता. भिंत राणीची होती. आता भिंत आमची आहे.’’

हे वाक्य आम्ही टिपून घेतले तेव्हा ते फार नीटनेटके वाटले होते, आणि नीटनेटक्या वाक्यांविषयी आम्ही विद्यार्थ्यांना सावध करत असतो. पण त्यात एक भेद आहे तो दुर्लक्षून चालणार नाही. हेड्रियनचा लेख, राणीची भिंत आणि वन कायदा यांत राखणदार वरून येतो आणि ज्यांच्या दारात रान आहे त्यांना बाहेर काढतो. देवराईत तो गावातूनच येतो. गावानेच स्वतःवर घातलेली बंदी असते ती, देवाच्या नावाने. तीही नेहमी निष्पाप असते असे नाही. देवराईत कोणी पाऊल टाकावे आणि कोणी टाकू नये याचे नियम जातीपातीला सोडून नसतात, हे आपण जाणतो. पण राखणदार कोणाचा, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘निसर्गरक्षण’ हा शब्द उच्चारू नये, एवढे शिक्षण आम्हाला त्या दगडावर बसून मिळाले. पूर्वी आम्ही हुंबाबाला खलपुरुष ठरवून मोकळे झालो होतो. आता त्याला संत ठरवून मोकळे होणे हीदेखील तशीच घाई झाली असती.

भिंतीने न अडणाऱ्या गोष्टीही आहेत. गंधसरूच्या बीला थंडी लागते, बर्फाचे आवरण लागते. शेजारच्या तन्नूरीनच्या रानात १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका करवतमाशीच्या अळ्यांनी कोवळी पाने फस्त करून मोठे नुकसान केले. शास्त्राला त्या जातीची ओळखच तेव्हा झाली आणि तिला नाव मिळाले ते त्या रानाचेच. हिवाळे सौम्य होत गेले, बर्फ कमी दिवस टिकू लागला की अशा किडीचे फावते, असे अभ्यासक सांगतात. बर्फाची रेषा वर सरकली तर झाडांनाही वर सरकावे लागेल. पण डोंगराला माथा असतो, त्यापलीकडे वर नसते. काकांनी मक्मेलकडे हात करून हेच आपल्या परीने सांगितले : त्यांच्या लहानपणी मे महिन्यात या भिंतीपर्यंत बर्फ असायचे.

आम्ही परतलो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेबनॉनमध्ये लोक रस्त्यावर आले, बँका बुडत गेल्या, २०२० च्या ऑगस्टमध्ये बैरुतच्या बंदरात स्फोट झाला. चलनाने नव्वद टक्क्यांहून अधिक मोल गमावले. २०२१ मध्ये इंधनावरचे अनुदान गेले आणि डोंगरातले लोक घर ऊबदार ठेवण्यासाठी झाडे तोडू लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ओक, जुनिपर, जे हाती लागेल ते. २०२४ मध्ये पुन्हा युद्ध झाले. १९४३ पासून ज्या देशाच्या ध्वजावर मधोमध हे झाड आहे, त्या देशात त्याचे रान राखणाऱ्या माणसाला महिन्याकाठी मिळणाऱ्या रकमेत काय येत असेल, असा हिशेब आम्ही त्या दिवसांत वरचेवर करत असू. एन्लिलने हुंबाबाला सात तेजोवलये दिली होती. काकांकडे सिगरेटचे पाकीट आणि खणखणीत आवाज होता.

पाचवी पट्टिका आम्ही अजून शिकवतो. आता सुरुवात नव्या ओळींपासून करतो. आधी पक्षी, रातकिडे, माकडे, मग त्यांचा राजा, आणि दोघे वीर सर्वांत शेवटी आत येतात. फळ्यावर जुने तीन शब्द लिहितो आणि चौथा लिहितो : राखणदार. कोकणातली मुले वर्गात असली तर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तीच इतरांना सांगतात. मग कोणीतरी विचारते की तो चांगला की वाईट. आम्ही उत्तर देण्याऐवजी विचारतो की त्याला नेमले कोणी, बाहेर कोण उभे आहे, आणि दोरापलीकडे पाय टाकला तर नेमका कशावर पडेल.

ज्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा विचारले होते तिचा पत्ता आमच्याकडे नाही. तिला उत्तर द्यायचे राहून गेले आहे.